सरत्या शरदातील खानदेश : फळांचा, बियांचा आणि गवताचा हंगाम

कार्तिकी एकादशी होते, तुळशीची लग्ने लागतात आणि तापीच्या खोऱ्यातील पहाट गारठू लागते. कपाशीची वेचणी सुरू झालेली असते, ज्वारी-हरभऱ्याची शेते कोवळी असतात. शरद ऋतू संपून हेमंत सुरू होण्याचा हा काळ म्हणजे साधारणतः नोव्हेंबर आणि डिसेंबरचा पूर्वार्ध. फुलांचा बहर पाहायला लोक वसंतात बाहेर पडतात आणि हिरवाई पाहायला श्रावणात. मधला हा दीड महिना बहुतेकांच्या नजरेतून निसटतो. वास्तविक जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील वृक्षवेलींची ओळख करून घेण्यास यासारखा दुसरा काळ नाही. या दिवसांत काही झाडे फुललेली असतात, काही फळांनी लगडलेली असतात, काहींची पानगळ सुरू झालेली असते आणि रानातील बहुतेक वेली आपल्या शेंगा उकलत असतात.

मुंबईच्या राणीच्या बागेसारखे किंवा पुण्याच्या एम्प्रेस गार्डनसारखे जुने आणि विस्तीर्ण वनस्पती उद्यान खानदेशाच्या वाट्याला आले नाही. तरीही महाविद्यालयांची आवारे, शहरांतील रस्ते, धुळ्याजवळचे लळिंगचे कुरण, चाळीसगावजवळील पाटणादेवीचे रान आणि सातपुड्यातील पालचा परिसर एकत्र पाहिला, तर कोरड्या प्रदेशातील वनस्पतींचे एक उत्तम उद्यानच समोर उभे राहते.

प्रदेश आणि त्याची वने

उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, पश्चिमेला सह्याद्री आणि मधून पश्चिमवाहिनी तापी, अशी खानदेशची रचना आहे. ब्रिटिश काळातील सलग खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. त्यांचेच पुढे जळगाव आणि धुळे हे जिल्हे बनले. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. जळगाव जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, धुळ्यात त्याहून कमी. तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांकडे झेपावतो आणि हिवाळ्यात दहाच्या खाली उतरतो. अशा हवामानात वाढणाऱ्या वनाला शुष्क पानझडी वन म्हणतात.

येथील वनस्पतींची शास्त्रीय नोंदही झालेली आहे. धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांच्या वनस्पतींची सूची देणारा डॉ. डी. ए. पाटील यांचा ग्रंथ २००३ मध्ये, तर जळगाव जिल्ह्यावरील क्षीरसागर आणि पाटील यांचा ग्रंथ २००८ मध्ये प्रसिद्ध झाला.

पानगळ थंडीमुळे नव्हे, पाण्यासाठी

युरोप-अमेरिकेतील शरदाची लाल-पिवळी रंगपंचमी सर्वांना चित्रांतून परिचित आहे. तेथे दिवस लहान होतो, थंडी वाढते, पानांतील हरितद्रव्य विघटित होते आणि झाडे थोड्याच आठवड्यांत एकदम निष्पर्ण होतात. खानदेशात मात्र पानगळ घडवून आणते ती पाण्याची टंचाई. पानांवाटे सतत पाणी बाहेर पडत असते. पाऊस थांबून जमीन सुकू लागली, की पाने टाकून देणे हा पाणी वाचविण्याचा सर्वांत सोपा मार्ग असतो.

प्रत्येक झाडाची पाण्याची व्यवस्था निराळी असल्याने पानगळीची वेळही निराळी असते. सालई आणि कांडोळ या वृक्षांचे लाकूड मऊ असून त्यात ओलावा साठतो. ते हिवाळ्याच्या आरंभीच निष्पर्ण होतात आणि त्या साठ्यावर उघड्या फांद्यांनीच फुलतात. अंजनाची मुळे खोल जात असल्याने तो हिवाळाभर हिरवा राहतो. त्यामुळे नोव्हेंबरमध्ये एकाच टेकडीवर उघडा कांडोळ, विरळ पानांचा साग आणि गर्द अंजन शेजारीशेजारी उभे दिसतात.

शहरातील बहर

या दिवसांत जळगाव किंवा धुळ्याच्या रस्त्यावरून सायंकाळी जाताना एक उग्र गोड दरवळ येतो. तो सप्तपर्णीचा, म्हणजेच सातवीणचा. शास्त्रीय नाव अल्स्टोनिया स्कोलॅरिस. एका पेऱ्यावर वर्तुळाकार मांडलेली साधारण सात पाने ही त्याची खूण. फुले लहान, हिरवट पांढरी आणि गुच्छात येणारी. त्यांचा सुवास काहींना मोहवतो, तर काहींचे डोके जड करतो. पूर्वी त्याच्या लाकडापासून शाळकरी मुलांच्या पाट्या होत. शास्त्रीय नावातील ‘स्कोलॅरिस’ हा शब्द त्यावरूनच आला. मूळचा अधिक पावसाच्या वनांतला हा वृक्ष खानदेशात मुख्यतः लावलेला आढळतो.

दुसरा सुगंधी वृक्ष म्हणजे बूच किंवा आकाशनिंब, मिलिंगटोनिया हॉर्टेन्सिस. लांब दांड्याची पांढरी फुले रात्री उमलतात आणि पहाटे झाडाखाली त्यांचा सडा पडतो. म्यानमारकडून आलेल्या या वृक्षाला भारतात बी क्वचितच धरते. मुळांपासून फुटणाऱ्या धुमाऱ्यांवर त्याची रोपे होतात. साल बुचासारखी भुसभुशीत असल्याने ‘बूच’ हे नाव पडले.

रस्त्याकडेला पिवळ्या फुलांचे उभे झुपके दिसतात ते काशीदचे. हा आग्नेय आशियातून आलेला वृक्ष. बागांतून याच सुमारास देवकांचन जांभळ्या-गुलाबी फुलांनी बहरतो. देवकांचन, कांचन आणि दसऱ्याचा आपटा ही एकाच बाउहिनिया कुलातील भावंडे. जाँ आणि गास्पार बाउहिन या वनस्पतिशास्त्रज्ञ बंधूंच्या स्मरणार्थ लिनियसने पानाच्या दोन जोडलेल्या दलांकडे पाहून हे नाव दिले. आपट्याचे पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त असते, तर कांचनाचे पान मोठे असते. दसऱ्याला पुष्कळदा आपट्याच्या नावाखाली कांचनाचीच पाने विकली जातात. आपट्याला फुले उन्हाळ्यात येतात. आत्ता त्याच्यावर लांबट, चपट्या शेंगा दिसतात.

आवळा आणि मेहरूणचे बोर

कार्तिकात आवळ्याच्या झाडाखाली भोजन करण्याची प्रथा महाराष्ट्रात सर्वत्र आहे. फळे भरण्याच्या वेळेशी ही प्रथा नेमकी जुळते. आवळ्याला फुले चैत्र-वैशाखात येतात. फलधारणा झाल्यानंतर तो इवलासा गर्भ कडक उन्हाळाभर जवळजवळ निद्रिस्त राहतो आणि पावसाळा सुरू झाल्यावरच वाढू लागतो. नोव्हेंबरपासून फळे तयार होतात. आवळ्याचे पान म्हणून आपण जे पाहतो, ती बारीक पानांची एक नाजूक डहाळी असते. पानगळीत ती सबंध डहाळीच गळून पडते.

बोर हे तर खानदेशचे स्वतःचे फळ. जळगाव शहराला लागून असलेल्या मेहरूणच्या नावाने ओळखला जाणारा बोराचा वाण महाराष्ट्राच्या फळशेतीत प्रसिद्ध आहे. बोरीचे वेळापत्रक कोरड्या प्रदेशाला साजेसे असते. उन्हाळ्यात ती पाने टाकते, पावसात पालवते, पाऊस ओसरताना बारीक हिरवट फुलांनी भरते आणि थंडीत फळे देते. नोव्हेंबरच्या अखेरीस फांद्यांवर हिरवी बोरे धरलेली दिसतात. पिकण्याचा भर डिसेंबर-जानेवारीत असतो. प्रत्येक पेऱ्यावर एक सरळ आणि एक वाकडा असे दोन काटे आणि पानाच्या खाली पांढुरकी लव, या खुणांवरून बोर ओळखता येते.

बोराच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आठळी पेरून उगवलेले झाड आईसारखेच फळ देईल याची खात्री नसते. गावठी बोरीच्या रोपावर चांगल्या झाडाचा डोळा भरूनच वाण टिकविता येतो. साहजिकच मेहरूणचे जुने झाड डोळे न घेता तोडले गेले, तर त्या झाडाबरोबर त्याचा गुणही नाहीसा होतो. तळ्याकाठची जमीन वस्तीसाठी घेतली जात असताना ही बाब केवळ बागायतदारांची राहत नाही.

डोंगरउतारावरील वृक्ष

साग : सप्टेंबरनंतर सागाच्या पानांवर विशिष्ट अळीचा प्रादुर्भाव होतो. ती पानाचा मऊ भाग खाऊन शिरा तेवढ्या शिल्लक ठेवते. उन्हाकडे धरलेले असे पान जाळीदार वस्त्रासारखे दिसते. झाड यामुळे मरत नाही. फांद्यांच्या टोकाशी कागदी फुग्यासारख्या आवरणात टणक फळे असतात. नोव्हेंबर ते जानेवारी हा ती पक्व होण्याचा काळ.

धावडा : थंडी वाढेल तशी याची पाने तांबूस होत जातात. खानदेशच्या रानात शरदाचा रंग पाहायचा असेल, तर तो धावड्यावर पाहावा. हिवाळ्यात घरोघरी होणाऱ्या डिंकाच्या लाडवांसाठी धावड्याचा डिंक पूर्वापार नावाजलेला आहे.

सालई : कागदासारखे पापुद्रे सुटणारी पिवळट हिरवी साल आणि कडुनिंबासारखी संयुक्त पाने. सालीतून पाझरणारी सुवासिक राळ धुपासाठी वापरतात. खडकाळ, उथळ मातीच्या उतारावर, जेथे साग तग धरू शकत नाही, तेथे सालई उभी असते.

कांडोळ : गुळगुळीत पांढरी साल आणि निष्पर्ण फांद्या यांमुळे चांदण्या रात्री हे झाड भुतासारखे भासते, म्हणून त्याला ‘भुत्या’ असेही म्हणतात. औषधनिर्मितीत वापरला जाणारा कराया डिंक याच झाडाचा. डिंकासाठी खोल घाव घातल्यास झाड वाळते.

अंजन : खानदेशचा मानाचा वृक्ष. शास्त्रीय नाव हार्डविकिया बायनाटा. जोडीने येणाऱ्या दोन पर्णिका ही त्याची ओळख, ‘बायनाटा’ या शब्दाचा अर्थही तोच. त्याचे लाकूड भारतातील सर्वांत जड आणि कठीण लाकडांत गणले जाते. सालीच्या तंतूंचे दोर वळतात. पाला जनावरे आवडीने खातात, म्हणून टंचाईच्या वर्षी अंजनाच्या फांद्या छाटल्या जातात. सातपुड्याच्या पायथ्याला, यावल अभयारण्याच्या परिसरात तो आढळतो. डिसेंबरात आजूबाजूचे रान उजाड होत असताना त्याची हिरवी करडी छत्री दुरूनही ओळखू येते.

वेली, झुडपे आणि उकललेल्या शेंगा

कुंपणांवर आणि झुडपांवर आत्ता सर्वांत आधी नजर जाते ती गुंजेकडे. वाळलेल्या शेंगा उकलून लाल-काळे मणी उघडे पडतात. सोनाराच्या तराजूतील ‘रती’ हे वजन या बियांवरून आले. एक गुंज सुमारे सव्वाशे मिलिग्रॅम भरते. दिसायला सुंदर असली तरी तिच्यात ॲब्रिन हे अत्यंत जहाल विष असते. फोडलेली वा चावलेली गुंज जीव घेऊ शकते. लहान मुलांच्या हाती ती देऊ नये.

कळलावीची ज्वालेसारखी फुले पावसाळ्यात संपलेली असतात. तिच्या शेंगा या सुमारास फुटून आतील लालभडक बी दिसते. तिचा कंद आणि बी दोन्ही विषारी. त्यांतील कोल्चिसिन हे द्रव्य वैद्यकात संधिवाताच्या एका प्रकारावर मोजून-मापून वापरले जाते. खाजकुयलीच्या मखमली शेंगांनाही दुरूनच नमस्कार करावा. त्यांची लव त्वचेला लागली, की असह्य खाज सुटते. मुरुडशेंगेची पिळाची फळे आता वाळू लागतात. तान्ह्या बाळाच्या गुटीत उगाळली जाणारी ती हीच. पांढऱ्या कुड्याच्या जोडीने लोंबणाऱ्या सडपातळ शेंगा उकलल्या, की रेशमी तंतूंचे बी वाऱ्यावर निघते.

गवताचे सोने आणि रोशाचे तेल

लळिंगच्या कुरणात नोव्हेंबरची सकाळ म्हणजे सोनेरी गवताचा समुद्र. मारवेल, पवना ही जनावरांना मानवणारी गवते आणि कपड्यांना टोचणारी कुसळी ही त्यांतील ठळक. कुसळीच्या बियांचे यंत्र पाहण्यासारखे आहे. बीजाला जोडलेला लांब केस दमट हवेत उलगडतो आणि कोरड्या हवेत पीळ घेतो. या फिरण्याने टोकदार बी गिरमिटासारखे जमिनीत शिरते, आणि मेंढीच्या अंगातही. बी पडण्याआधीच कुरण चरून संपविले, तर मारवेल-पवन्याचे प्रमाण घटते आणि कुसळीसारखी निकृष्ट गवते माजतात. म्हणून बी झडल्यानंतर गवत कापणे हा कुरण राखण्याचा जुना नियम.

रोशा गवताने तर खानदेशचे नाव सातासमुद्रापार नेले होते. फुलोऱ्यावर आलेले हे गवत पावसाळ्याच्या अखेरीस आणि शरदात कापून ओढ्याकाठच्या तात्पुरत्या भट्ट्यांवर त्याचे तेल काढले जाई. पिंपळनेर, नंदुरबार, तळोदा या बाजूला हा उद्योग एकोणिसाव्या शतकात जोरात होता. या तेलातील जिरॅनिऑल या द्रव्यामुळे त्याला गुलाबाचा गंध येतो. मुंबईमार्गे ते तांबड्या समुद्रातील बंदरांत आणि पुढे तुर्कस्तानात जाई, आणि तेथे महागड्या गुलाबाच्या अत्तरात त्याची भेसळ होत असे. पान चुरगाळून हुंगले, की रोशा आजही लगेच ओळखता येतो.

रोपवाटिकेत हे वृक्ष का नसतात?

एवढी विविधता जवळ असताना शहरांतील उद्यानांत आणि रस्त्यांवर मात्र मादागास्करचा गुलमोहर, मध्य अमेरिकेतील सुबाभूळ आणि गिरिपुष्प, आग्नेय आशियातील काशीद आणि पीतमोहर यांचीच गर्दी दिसते. याचे कारण केवळ सौंदर्याच्या आवडीत नाही. ते बियांत आहे. परदेशी वृक्ष दरवर्षी भरपूर बी देतात, ते पटकन रुजते आणि रोप पिशवीत सुखाने वाढते. स्थानिक वृक्षांचे तसे नाही.

धावड्याचे बी हिवाळ्यात भरपूर मिळते, पण त्यातील बहुतांश पोकळ असते. मूठभर बी पेरावे तेव्हा मोजकी रोपे उगवतात. सालईला फळधारणा कमी, म्हणून तिच्या फांद्यांचे जाड तुकडे लावून अभिवृद्धी करतात. अंजनाचे बी सहज रुजते, परंतु चांगला बीजबहर काही वर्षांतून एकदाच येतो आणि रोपाचे सोटमूळ इतक्या लवकर खोल जाते, की आखूड पिशवीत ते वेटोळे घेते. असे रोप पुढे कोरडवाहू जमिनीत टिकत नाही. त्याला लांब पिशवी हवी किंवा जागेवरच बी टोकायला हवे. सागाची फळे आळीपाळीने भिजवून आणि उन्हात वाळवून मऊ केल्याखेरीज उगवत नाहीत. गुंजेसारख्या कठीण कवचाच्या बिया गरम पाण्यात टाकून रात्रभर भिजत ठेवाव्या लागतात. आवळ्याच्या आठळ्या उन्हात वाळविल्या, की आपोआप तडकून आतील बी मोकळे होते.

या सर्व कामांची सुरुवात नोव्हेंबरात होते. जुलैत वृक्षारोपणाचे कार्यक्रम होतात तेव्हा रोपवाटिकेत जे असेल तेच लावले जाते. साग, आपटा, आवळा यांचे बी या हिवाळ्यात गोळा झाले नाही, अंजनाची निरोगी मातृवृक्षे आत्ता हिरवी असतानाच हेरून ठेवली नाहीत, तर पुढील पावसाळ्यात पुन्हा गुलमोहराचेच खड्डे भरले जातील. खानदेशच्या पावसात आणि उन्हाळ्यात टँकरशिवाय जगणारे झाड हवे असेल, तर ते याच डोंगरांतून यावे लागेल. गवताला लागणारे वणवे ही दुसरी अडचण. हिवाळ्यात वेळेवर काढलेल्या जाळरेषा हे बी आणि कोवळी रोपे वाचवितात.

कोठे आणि केव्हा पाहावे?

धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने सुमारे दहा किलोमीटरवर लळिंगचा किल्ला आणि कुरण आहे. गवत पाहण्यासाठी सकाळची वेळ उत्तम. चाळीसगावजवळील पाटणादेवीचा परिसर गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात मोडतो. १९८६ मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत पसरले आहे. रावेर तालुक्यातील पाल हे यावल अभयारण्याचे प्रवेशस्थान. हे अभयारण्य १९६९ मधले. सातपुड्यातील अंजन, साग, सालई पाहण्यास ते सोयीचे आहे. शिरपूर तालुक्यातील अनेर धरणाचे अभयारण्य धुळे जिल्ह्यात आहे.

अभयारण्यात शिरण्यापूर्वी वनखात्याची परवानगी घ्यावी. तेथून बी, डिंक वा पाला आणणे कायद्याने निषिद्ध आहे. बी गोळा करायचे ते शेताच्या बांधावरून, महाविद्यालयाच्या आवारातून किंवा मालकाच्या संमतीने. सोबत एक वही, पेन्सिल आणि कागदी पिशव्या असाव्यात. पिशवीवर झाडाचे नाव, ठिकाण आणि तारीख लिहावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत बियांना बुरशी धरते.

पौषात गारठा वाढतो, रान विरळ होते आणि माघ संपता संपता पळस-काटेसावरीची लाली डोंगरावर चढते. त्या देखाव्याला गर्दी होतेच. तोवर झाडांखालचे बी मात्र उंदीर, मुंग्या आणि वारा यांनी वाटून घेतलेले असते.